मोकळा मध्य

माणसे एकत्र येतात तेव्हा ती कशाभोवती जमतात, एवढे एक पाहिले तरी त्या जमण्याचे अंतरंग पुष्कळ उलगडते. सभेच्या मध्यभागी वक्ता असतो, बाजाराच्या मध्यभागी देवघेव असते, मैफलीच्या मध्यभागी कलावंत असतो, आणि जो मध्यभागी असतो त्याच्याकडे पाहत बाकीचे सगळे त्याच्या तेजाने किंवा त्याच्या सत्तेने बांधले जातात. परंतु मध्य हेतुपुरस्सर मोकळा ठेवून, त्या मोकळ्या जागेभोवती पिढ्यानपिढ्या जमत आलेली माणसेही या जगात आहेत. त्यांच्या एका उन्हाळी मेळाव्याच्या आधाराने ‘मध्य’ या एकाच शब्दाचे आज आपण सावकाश मनन करू.

हा मेळावा भरतो अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या अलाबामा राज्यात. त्या राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात सँड माउंटन नावाचे लांबट पठार आहे, आणि त्या पठारावर डिकाल्ब काउंटीत हेनागर नावाचे जेमतेम अडीच हजार वस्तीचे गाव आहे. बटाट्याचे पीक ही या गावाची ओळख, म्हणून 4 जुलैला देशाचा स्वातंत्र्यदिन आला की गावच्या बागेत बटाटा महोत्सव भरतो. त्याच सुमारास, जुलैच्या पहिल्या रविवारी आणि त्याच्या आदल्या शनिवारी, गावातल्या लिबर्टी बॅप्टिस्ट चर्चमध्ये ‘सेक्रेड हार्प’ या स्तोत्रसंग्रहातून दिवसभर गायन चालते. तिथले लोक त्याला नुसते ‘सिंगिंग’ म्हणतात. महोत्सवाला जावे, खावे, पाहावे आणि परतावे. सिंगिंगला मात्र पाहण्यासारखे काहीच मांडलेले नसते, कारण ज्याकडे पाहायचे तो मध्यच तिथे रिकामा असतो.

तो मध्य कसा रचतात, हे आधी डोळ्यांपुढे आणू. बाके चार बाजूंनी अशी लावतात की प्रत्येक बाजूच्या माणसांची तोंडे आतल्या बाजूला यावीत. एका बाजूला टेनर, त्यांच्या समोर आल्टो, उरलेल्या दोन बाजूंना ट्रेबल आणि बास, अशा चार स्वरपंक्तींचा एक चौकोन तयार होतो, आणि त्याच्या पोटात चार पावले टाकता येतील एवढी जागा सुटते. व्यासपीठ नाही, वाद्य नाही, ध्वनिवर्धक नाही, तिकीट नाही आणि टाळ्याही नाहीत. आपल्याकडे वारकरी भजनात टाळकरी समोरासमोर दोन रांगा धरून उभे राहतात, तेव्हा गाणाऱ्याचे तोंड गाणाऱ्याकडेच असते. या चौकोनाचा भाव ओळखायला तेवढी एक खूण आपल्याला पुरेल. ज्याची पाठ बाहेरच्या जगाकडे आणि मुख सोबतीच्या मुखाकडे आहे, त्याला ऐकवण्यासाठी गायचे उरतच नाही. मध्याचा पहिला अर्थ हा असा आहे, की तो मोकळा ठेवला म्हणजे श्रोता आणि गायक ही फूट मिटते आणि आलेला प्रत्येक जण गाणारा होतो.

आता हा मध्य अगदी रिकामाच राहतो का? तसे नाही, आणि येथेच त्याचा दुसरा पदर आहे. सकाळी प्रार्थना होते, अध्यक्ष निवडला जातो, आणि मग गायनाची क्रमवारी लावणारे आलेल्यांपैकी एकेकाचे नाव पुकारू लागतात. ज्याचे नाव येते तो आपल्या बाकावरून उठतो, चौकोनाच्या मध्यभागी येऊन टेनरांकडे तोंड करून उभा राहतो, पुस्तकातल्या पानाचा आकडा सांगतो, आणि हात खालीवर हलवून ताल देत ते गीत सगळ्यांकडून म्हणवून घेतो. या पाळीला ते ‘लेसन’ म्हणतात आणि जमलेल्या सगळ्यांना मिळून ‘क्लास’. पन्नास वर्षे गात आलेली आजी तिथे उभी राहते, गेल्या वर्षी पहिल्यांदा आलेला परगावचा पाहुणा उभा राहतो, आणि आईचा हात धरून सहा-सात वर्षांचे मूलही उभे राहते. एक-दोन गीते झाली की जो तो आपल्या जागी परततो आणि पुढचे नाव पुकारले जाते. दिवस मावळतीकडे झुकेपर्यंत ऐंशी-नव्वद गीते होऊन जातात, कितीतरी माणसे त्या मध्यात उभी राहून जातात, आणि तरी तो मध्य कोणाचाही झालेला नसतो. मान प्रत्येकाला मिळावा आणि मालकी कोणालाच मिळू नये, ही समाजधारणेची किती अवघड गोष्ट. त्या भोळ्या माणसांनी ती केवळ पाळीच्या नियमाने साधली आहे.

मध्यात उभे राहणाऱ्याला मिळते तरी काय, असे कोणी विचारील. या गायनाचे जाणते सांगतात की आवाज सर्वांत परिपूर्ण ऐकू येतो तो त्या मोकळ्या जागेतच, कारण चारही बाजू आपला स्वर तिथेच ओततात. हे गायन मृदू नसते. छाती भरून, मोकळ्या गळ्याने, स्वराला गोंडस करण्याचा प्रयत्न न करता ते केले जाते, आणि लाकडी जमीन पावलांच्या ठेक्याने थरारत असते. त्यातही ‘फ्यूगिंग’ पद्धतीची गीते अशी रचलेली असतात की आधी सारे एकत्र आरंभ करतात, मग बहुधा बास एकटेच पुढे निघतात, त्यांच्या मागून टेनर, मग ट्रेबल, मग आल्टो तीच ओळ घेऊन एकामागून एक प्रवेश करतात, आणि शेवटी चारी प्रवाह पुन्हा एका शब्दावर मिळतात. मध्यात उभा असलेला मनुष्य त्या त्या बाजूकडे वळून तिला आत बोलावतो, आणि चार दिशांनी आलेले स्वर त्याच्या भोवती एकत्र होतात. म्हणजे ज्याला आपण पुढारीपण म्हणतो ते इथे ऐकण्याच्या सर्वोत्तम जागेचे नाव आहे, आणि मध्याचा तिसरा अर्थ असा, की तिथे जाणारा देण्यापेक्षा घेण्यासाठी अधिक जातो.

हा मध्य कोणालाही सापडावा म्हणून जी तजवीज केली गेली तिचा इतिहास मोठा हृद्य आहे. अठराव्या शतकात न्यू इंग्लंडमध्ये, चामडी कमावण्याचा धंदा करून गीते रचणाऱ्या विल्यम बिलिंग्ज याच्यासारखे लोक गावोगावच्या गानशाळांसाठी अशी स्तोत्रे लिहीत होते. पुढे 1801च्या सुमारास ‘द इझी इन्स्ट्रक्टर’ या पुस्तकाने स्वरलिपीला आकार दिले: फा म्हणजे त्रिकोण, सोल म्हणजे वर्तुळ, ला म्हणजे चौरस आणि मी म्हणजे समभुज चौकोन. संगीत न शिकलेल्या शेतकऱ्यालाही आकार पाहून स्वर लावता यावा, एवढाच हेतू. उत्तरेच्या शहरांत मात्र लोवेल मेसन यांच्यासारख्या सुधारकांनी युरोपीय शिष्ट संगीताचा पुरस्कार केला, आणि ही खडबडीत गीते व हे आकार तिथून मागे पडले. दक्षिणेने त्यांना आसरा दिला. 1835मध्ये साउथ कॅरोलायनाचे विल्यम वॉकर यांनी ‘सदर्न हार्मनी’ काढले, आणि 1844मध्ये त्यांचे साडू बेंजामिन फ्रँकलिन व्हाइट यांनी जॉर्जियात एलिशा किंग या तरुणाच्या साहाय्याने ‘द सेक्रेड हार्प’ सिद्ध केले. आकारांचे खिळे तिकडे नव्हते म्हणून ते पुस्तक दूर फिलाडेल्फियात छापावे लागले, आणि किंग त्याच वर्षी निवर्तला. आजही कोणतेही गीत शब्दांनी म्हणण्याआधी सारा क्लास ते एकदा फा, सोल, ला, मी या आकारांच्या नावांनी गातो. नवख्याने संकोच धरू नये, जाणत्यानेही दर वेळी पायरीपासूनच चढावे, हा त्या रीतीचा भाव. आणि मध्यापर्यंतची वाट विद्वत्तेने अडवू नये ही तिची शिकवण.

चौकोनाची चौथी बाजूसुद्धा एकाएकी भरलेली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. 1844च्या पुस्तकातली बहुतेक गीते तीनच स्वरपंक्तींची होती. आल्टोची पंक्ती पुष्कळ गीतांना विसाव्या शतकाच्या आरंभी, 1902मध्ये डब्ल्यू. एम. कूपर यांच्या आणि 1911मध्ये जे. एस. जेम्स यांच्या आवृत्तीत जोडली गेली. ज्या परंपरेला लोक अचल समजतात तिने आपल्या मध्याभोवती आणखी एका बाजूसाठी जागा केली, आणि त्यामुळे मध्य लहान न होता पुरा झाला. श्रद्धेची घरे अशीच वाढतात. आतला देव्हारा हलत नाही, पण भोवतीची बैठक रुंदावत जाते.

आता काळाचा मध्य पाहू. असे मेळावे उन्हाळ्यात दाटीने का भरतात, याचे उत्तर शेतात आहे. कापूस आणि मका यांची शेवटची खुरपणी-डवरणी जुलैच्या आसपास संपते, आणि उन्हाळा सरता सरता वेचणीला आरंभ होईपर्यंत पिकाला माणसाच्या हाताची गरज उरत नाही. या विसाव्याला दक्षिणेतले शेतकरी ‘लेइंग-बाय’ म्हणत, आणि गानशाळा, धर्मसभा, आप्तांची भेट, कबरस्थानाची साफसफाई, सारे काही या दिवसांत किंवा त्यांच्या अवतीभवती बेतलेले असे. पेरणी माणसाची, पीक देवाचे, आणि या दोन्हींच्या मध्ये जो मोकळा काळ उरतो तो कोणाचा, असा प्रश्न विचारला तर त्या लोकांनी तो स्तुतीला दिला होता, असे म्हणता येईल. पुढे शेते कमी झाली, गिरण्या आल्या, माणसे शहरांत नोकरीला गेली, परंतु दिनदर्शिका तीच राहिली. अमुक महिन्याचा अमका रविवार आणि त्याच्या आधीचा शनिवार, एवढ्या पत्त्यावर दूर गेलेली मुले आजही गावी परततात. वर्षाच्या धावपळीत एक मध्य मोकळा राखला, की त्याच्याकडे परतण्याची वाट आपोआप मळते.

दुपारी गाणे थांबते आणि चर्चच्या आवारात झाडांच्या सावलीत जेवणाची लांबच लांब टेबले भरतात. याला ते ‘डिनर ऑन द ग्राउंड्स’ म्हणतात. यजमान गावच्या घराघरांतून तळलेली कोंबडी, शिजवलेले घेवडे, मक्याची कणसे, मक्याच्या पिठाचा पाव, टोमॅटो, पीचचे भाजलेले गोड पक्वान्न, केळ्यांचे पुडिंग आणि साखर घातलेला थंड चहा असे येते, आणि कोणी काय आणले याचा हिशेब न ठेवता सारे एका टेबलावर मांडले जाते. आलेल्या पाहुण्याने काही आणलेच पाहिजे असा दंडक नाही. त्याने पोटभर खावे आणि दुपारच्या सत्राला थांबावे एवढीच अपेक्षा. सकाळभर ज्या मध्यात स्वर ओतले गेले, त्याच मध्याचे हे दुसरे रूप आहे. आत प्रत्येकाने आपला आवाज ठेवला, बाहेर प्रत्येकाने आपले अन्न ठेवले, आणि दोन्ही ठिकाणी ठेवलेले जे होते ते सर्वांचे झाले.

या मध्याला मृत्यूचीही ओळख आहे. दोन दिवसांत एका ठरावीक वेळी ‘मेमोरियल लेसन’ होतो. गेल्या मेळाव्यानंतर जे गायक निवर्तले त्यांची नावे मध्यात उभे राहून वाचली जातात, आजारामुळे जे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांचीही नावे घेतली जातात, आणि त्या प्रत्येक गटासाठी गीत म्हटले जाते. पुस्तकातली कितीतरी गीते मृत्यूविषयी उघडपणे बोलतात, कारण ज्यांनी ती रचली त्यांनी आपलीच मुले पुरलेली होती आणि पैलतीराविषयी त्यांचा विश्वास पक्का होता. एखाद्या गीताचे पान पुकारले गेले की जुन्या माणसांना ते नेहमी मागणारा कोण होता ते आठवते; आज तो बाकावर नसतो, पण त्याचे पान त्याच्या नातवाने मागितलेले असते. जागा मोकळी ठेवण्याची सवय ज्यांना आहे, त्यांना गेलेल्यांसाठी जागा ठेवणे जड जात नाही. येथे मध्य हा जिवंत आणि गतप्राण यांच्या भेटीची जागा होतो, आणि शोक एकट्याच्या अंगावर पडत नाही.

सज्जनहो, शब्दाचे मनन प्रामाणिक असेल तर त्याची सावलीही पाहिली पाहिजे. ज्या काळात हे पुस्तक निघाले त्या काळी त्या भूमीवर गुलामगिरी होती, आणि तिच्या नाशानंतरही दीर्घकाळ गोऱ्यांच्या चौकोनात कृष्णवर्णीयांना समान आसन नव्हते. मध्य मोकळा होता, पण त्याच्याकडे येणारी वाट मोकळी नव्हती. तरी देवाच्या स्तुतीचा अधिकार कोणाच्या परवानगीने मिळत नसतो, हे आग्नेय अलाबामातल्या कृष्णवर्णीय गायकांनी दाखवून दिले. त्यांनी आपले मेळावे भरवले, आपल्या गानशाळा चालवल्या, आणि 1934मध्ये ओझार्क गावच्या जज जॅक्सन यांनी (जज हे त्यांचे नावच होते) ‘द कलर्ड सेक्रेड हार्प’ हे आपल्या लोकांच्या रचनांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच परंपरेतले ड्यूई विल्यम्स यांना 1983मध्ये राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी तो गोऱ्यांच्या चौकोनातले जॉर्जियाचे ह्यू मॅग्रॉ यांना मिळाला होता. एकाच पुस्तकाभोवती जमलेले दोन चौकोन दीर्घकाळ वेगळे राहिले, ही त्या समाजाची उणीव आहे आणि ती उणीव म्हणूनच सांगितली पाहिजे. मध्य मोकळा आहे असे म्हणणाऱ्याने दारेही मोकळी आहेत ना, हे दर पिढीला तपासावे लागते.

पुढे या गायनाची कीर्ती सँड माउंटनचे पठार ओलांडून गेली. 1959मध्ये लोकसंगीताचे संग्राहक अॅलन लोमॅक्स यांनी याच डिकाल्ब काउंटीतल्या फाइफ गावी भरलेल्या मोठ्या संमेलनाचे ध्वनिमुद्रण केले, आणि 2003च्या ‘कोल्ड माउंटन’ या चित्रपटासाठी लिबर्टी चर्चमध्येच गायकांना जमवून दोन गीते मुद्रित झाली. ते ऐकून दूरदूरची माणसे पुस्तक शोधू लागली. आज इंग्लंड, आयर्लंड, जर्मनी आणि पोलंड येथेही चौकोन मांडले जातात. पुष्कळ जण मुद्रण ऐकून येतात आणि प्रत्यक्षात पहिल्यांदा बसल्यावर चकित होतात, कारण दुरून कर्कश वाटणारा स्वर आत बसलेल्याला वेगळाच लागतो. या गायनाचे खरे श्रवण बाहेरून होतच नाही. त्यासाठी बाकावर बसून तोंड उघडावे लागते. येणाऱ्यांत बॅप्टिस्ट असतात, मेथडिस्ट असतात, अन्य धर्मांचे असतात आणि कोणताही धर्म न मानणारेही असतात. तिथे मतमतांतराचे वाद काढायचे नाहीत, असा शिष्टाचार आहे. कोणाची श्रद्धा किती, हे कोणी विचारत नाही. पान पुकारले की सर्वांनी ते गावे, एवढेच मागणे असते. ज्याला गाता येते त्याला बसता येते, आणि ज्याला बसता येते त्याला एक दिवस मध्यात उभे राहता येते.

आता शेवटचा पदर. हा मध्य अखेर कोणासाठी मोकळा ठेवलेला आहे? सँड माउंटनवरच्या श्रद्धावंताला हा प्रश्न पडत नाही, कारण गीत ज्याला उद्देशून आहे त्याचीच ती जागा, हे त्याला बालपणापासून ठाऊक आहे. उभा राहणारा मनुष्य त्या जागेचा क्षणभराचा पाहुणा. म्हणूनच तिथे टाळ्या पडत नाहीत. स्तुती ज्याची चालली आहे त्याला ती पोचली, मग हात हलवणाऱ्याचे कौतुक कशाला करायचे? आणि म्हणूनच चुकणाऱ्याचीही तिथे फजिती होत नाही. मुलाचा ताल हुकला तर पुढच्या बाकावरचे जुने गायक आपल्या हाताने ताल धरतात, गीत सावरते आणि पूर्ण होते. परमेश्वराला मध्य दिला की माणसांत उरतात ते केवळ सोबती, आणि सोबत्यांत लहानथोरपणा फार वेळ टिकत नाही. दुसऱ्या दिवशी शेवटचे गीत म्हणताना सारे उठून एकमेकांशी हस्तांदोलन करतात, कोणाची गळाभेट घेतात, आणि आपापल्या गावी निघतात. बाके पुन्हा पुढच्या रविवारच्या उपासनेसाठी सरळ रांगांत लावली जातात.

या निरूपणाचे सार एवढेच, की समूह जोडला जातो तो त्याच्या मध्यामुळे, आणि तो मध्य जेव्हा एखादी व्यक्ती, एखादे घराणे किंवा एखादा पक्ष कायमचा व्यापतो, तेव्हा बाकीचे हळूहळू प्रेक्षक होतात, आणि पुढे प्रेक्षकही घरी बसतात. आपणही उत्सव भरवतो, सप्ताह मांडतो, मंडळे चालवतो. पुढच्या वेळी खुर्च्या मांडताना एवढे करून पाहा: व्यासपीठ बाजूला ठेवा, माणसांना समोरासमोर बसवा, मधली जागा मोकळी सोडा, आणि जो कधीच पुढे आला नाही त्याचे नाव आधी पुकारा.